पिवळी रेघ

नर्सबाईंची गाडी मंगळवारी सर्व्हिसिंग करून दिली आणि गुरुवारी सकाळी त्या परत दारात हजर. मी शटर अर्धंच वर केलं होतं. त्या वाकून आत बघत म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी गळतेय."

"एसीचं पाणी असेल," मी म्हणालो. "गाडीलाही घाम येतो, बाई. तिलाही कामाचा कंटाळा असतो."

हा माझा पस्तीस वर्षांचा विनोद आहे. गिऱ्हाईक हसतं, मी हसतो, विषय संपतो. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी काखेतला पुठ्ठा काढून माझ्यापुढे धरला. रात्रभर गाडीखाली पसरून ठेवला होता म्हणे. बाई हुशार. मधोमध ताटाएवढा डाग, तांबूस, तुकतुकीत. मी बोट लावलं, चोळलं, वास घेतला. गाडीतून काय काय गळू शकतं ते मला डोळे बांधून ओळखता येतं. हे इंजिन ऑइल होतं, आणि नवं होतं. परवा मीच भरलेलं.

"दहा वाजता मला एका आजींचं ड्रेसिंग करायचंय," त्या म्हणाल्या. नर्सबाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघतात. गाडी नाही तर त्या नाहीत. "लगेच होईल का?"

"होईल की. आत घ्या."

तोंडाने म्हणालो खरं, पण पुठ्ठा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. का ते कळायचं तर तीन महिने मागे जायला हवं. आठवतंय तोवर सांगून टाकतो.

गॅरेज माझं, पण बावीस वर्षं ते दोघांचं होतं. दुसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शिक्षण सोडून घरी बसला होता, सासूबाईंनी माझ्या गळ्यात बांधला. पाना कुठल्या बाजूने धरायचा इथपासून मी त्याला शिकवलं. बोलायला कमी, हाताला हळू. मी दोन गाड्या उरकायचो तेव्हा त्याची एक व्हायची. मी त्याला गोगलगाय म्हणायचो. पण त्याने सोडलेली गाडी कधी परत आली नाही, हे मान्य करायला हवं.

आमच्याकडे एक नियम होता, मीच घालून दिलेला. इंजिनच्या खाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या तळाला एक बोल्ट. तो काढला की जुनं ऑइल बाहेर येतं. मग नवा वॉशर घालून बोल्ट परत बसवायचा, टॉर्कच्या पान्याने 'कट्' असा आवाज येईपर्यंत आवळायचा, आणि त्यानंतर रंगाच्या पेनाने बोल्टवरून थेट चेंबरच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघेचे दोन तुकडे जागेवरून हलतात. नुसतं बघून कळतं. ब्रेकचे बोल्ट, गिअरबॉक्सचे बोल्ट, सगळ्यांना तोच नियम. माझी रेघ पिवळी, मेहुण्याची पांढरी. आधी आवळायचं, मग रेघ. रेघ म्हणजे सही. पिवळा पेन माझ्या खिशात, पांढरा त्याच्या, आणि एकमेकांच्या पेनाला हात लावायचा नाही.

तीन महिन्यांपूर्वी एका रिटायर्ड मास्तरांची गाडी ओढून आणावी लागली. सर्व्हिसिंगला चार दिवस झाले होते. सगळं ऑइल रस्त्यावर सांडून इंजिन जाम झालेलं. मी खाली शिरून बघितलं तर बोल्ट सैल आणि त्याच्यावर पिवळी रेघ.

आता शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? पिवळी रेघ म्हणजे चूक माझी. पण मी शहाणा कुठला, मी मिस्त्री. माझं डोकं उलटं चाललं. मी बोल्ट सैल सोडूच शकत नाही, म्हणजे बोल्ट मी लावलेला नाही. म्हणजे यानेच लावला, सैल सोडला, आणि अंगाशी येईल म्हणून माझा पेन उचलून रेघ ओढली. मास्तरांच्या समोर मी त्याला सोलून काढला. खोटारडा म्हणालो, चोर म्हणालो. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस म्हणालो. मास्तर बिचारे त्यांच्या गाडीचं दुःख विसरून मला शांत करत होते.

त्याने हात पुसले, पांढरा पेन खिशातून काढून टेबलावर ठेवला. दारात जाऊन मात्र वळला आणि म्हणाला, "दाजी, एकट्याने गाडी सोडू नका."

"तू मला शिकवणार?" मी म्हणालो. "चालता हो."

तो गेला. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये लागला असं नंतर कानावर आलं. बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. दुपारी ती दोन गल्ल्या सोडून भावाकडे जायची आणि मी माहीत नसल्यासारखं करायचो.

तर, नर्सबाईंच्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचाही हात लागला नव्हता. गॅरेजात दुसरं होतंच कोण? म्हणून पुठ्ठा भिंतीकडे वळवला.

गाडी जॅकवर घेताना मी मनात याद्या करत होतो. फिल्टरची रबरी रिंग फाटली असेल. वॉशर कंपनीचाच खराब निघाला असेल. बाईंनी कुठे खड्ड्यात घातली असेल, चेंबरला दगड लागला असेल. देवा, दगड लागलेला असू दे, असं मी खरोखर म्हणालो. दुसऱ्याची गाडी फुटलेली असावी म्हणून नवस करणारा मिस्त्री पहिल्यांदाच बघितला असेल देवाने.

दिवा घेऊन खाली सरकलो. चेंबर कुठेही फुटलेलं नव्हतं. फिल्टर कोरडा होता. बोल्टच्या कडेने ऑइलचा थेंब तयार होत होता, लोंबत होता, पडत होता. आणि बोल्टवरून पत्र्यावर गेलेली पिवळी रेघ एकदम सरळ होती. कुठे तुटली नव्हती, हलली नव्हती. मी दोन बोटांनी बोल्ट धरला आणि तो फिरला. पाना लागलाच नाही.

बोल्ट नंतर सैल झाला असता तर रेघ तुटली असती. रेघ सरळ आणि बोल्ट सैल, याचा अर्थ एकच. मी न आवळताच रेघ ओढली होती. सैल बोल्टवर सही केली होती.

मी पाठीवर पडून मंगळवार आठवायचा प्रयत्न केला. जुनं ऑइल खाली ठेवलेल्या पत्र्याच्या तव्यात पडत होतं ते आठवलं. नवा वॉशर बोटावर फिरवला ते आठवलं. पेनाचं टोपण दातांनी काढलं तेही आठवलं. मधलं काही नाही. पाना हातात घेतला का, कट् आवाज आला का, काही म्हणजे काही नाही. आणि हे माझं असेल तर मास्तरांचंही माझंच होतं. हा विचार मी केला नाही, तो आपोआप येऊन छातीवर बसला.

"सापडलं का हो?" नर्सबाईंनी वरून विचारलं.

"वॉशर खराब होता," मी म्हणालो.

ज्याने मेहुण्याला खोटारडा म्हणून हाकलला तो माणूस गाडीखाली पडून खोटं बोलत होता. मी वॉशर बदलला, बोल्ट आवळला, कट् ऐकला. ऑइल भरलं. बाहेर आलो, हात पुसले, आणि वाटलं, आवळला ना? परत खाली गेलो. कट्. बाहेर आलो. परत गेलो. तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा नर्सबाई घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "हल्ली विसरायला होतं का?"

"बाई, तुम्ही माणसांचं बघा. गाडीचं मी बघतो."

त्या गाडीत बसल्या. जाताना म्हणाल्या, "दवाखान्यात जायचं असेल तर मला फोन करा. मी येईन बरोबर." मी मान फिरवली. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी शटर खाली ओढलं. सकाळी दहाच्या आत माझं शटर कधी खाली आलं नव्हतं, वडील गेले त्या दिवशीसुद्धा.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"नर्सबाईंच्या गाडीचा बोल्ट सैल निघाला," मी म्हणालो.

 तिला नवल वाटलं नाही हे मला दिसलं, आणि ते बोल्टपेक्षा वाईट होतं.

"तुला माहीत होतं?"

"अहो, बसा आधी."

"माहीत होतं का ते सांग."

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला घरी यायचात ना, तेव्हा तो तुमच्या गाड्यांखाली जायचा. पिवळी रेघ असलेला एकेक बोल्ट परत बघायचा. आठवड्याला एखादा सैल सापडायचा. आवळून ठेवायचा, तुमची रेघ तशीच राहू द्यायचा. मास्तरांची गाडी सर्व्हिसिंग होऊन गेली त्या दिवशी तो तापाने घरी होता."

मी खुर्चीत बसलो. दीड वर्ष मी घरी येऊन पोटभर जेवत होतो, वर दहा मिनिटं डुलकी काढत होतो. आणि ज्याला मी गोगलगाय म्हणत होतो तो तेवढ्या वेळात माझ्या मागचं सगळं निस्तरत होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तो गेला त्याच रात्री. खूप भांडलात तुम्ही." ती हातातल्या शर्टाची बाही सरळ करत राहिली. "सकाळी उठलात तर काहीच नाही. चहा छान झालाय म्हणालात. परत सांगायची हिंमत झाली नाही माझी. गॅरेज बंद करा, आराम करा, एवढंच म्हणत राहिले."

"खोटं बोलतेस."

ती उठली. स्वयंपाकघरातून एक डबा आणून तिने माझ्यासमोर उघडला. आत शेगडीची दोन बटणं होती. आमच्या शेगडीचं बटण सारखं निघतं म्हणून मी ते दोनदा दुरुस्त केलं होतं, एकदा नवं आणून बसवलं होतं, आणि कंपनीला शिव्या घातल्या होत्या. ती ते रोज काढून ठेवत होती. "दोन भांडी जळली तुमच्या हातून," ती म्हणाली. "एकदा तर नुसता गॅस चालू होता."

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती मला गवंडी समजायची. "मिस्त्री, भिंत कधी पुरी होणार?" असं विचारायची, आणि मी "उद्या करतो" म्हणायचो. आम्ही भावंडं बाहेर येऊन हसायचो. हसायचो हे आता सांगताना लाज वाटते. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी डबा ढकलून दिला आणि बटणं घरभर गडगडत गेली. बायकोने ती वाकून वेचली. आणि तेव्हा मला गाड्या आठवल्या.

आमच्याकडे एक वही असते, कुठली गाडी कधी आली आणि काय काम केलं त्याची. तो गेल्यापासून मी एकट्याने एकतीस गाड्या सोडल्या होत्या. एकतीस गाड्यांवर माझ्या पिवळ्या रेघा, आणि त्या गाड्या फिरत होत्या रस्त्यावर. ऑइल गळलं तर इंजिन जातं. पण मी ब्रेकचीही कामं केली होती. पाचांच्या पुढे 'ब्रेक' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मी तपासायच्या म्हटल्या तरी काय उपयोग? मी तपासलं हे तरी मला कुठे आठवणार होतं?

"मी सांगू का त्याला?" बायकोने विचारलं.

"नको. मी जातो."

दोन गल्ल्यांचं अंतर, पण मी लांबच्या वाटेने गेलो. वाटेत मी वाक्य तयार केलं. माझं चुकलं, तू खोटा नव्हतास, मी होतो. साधं वाक्य आहे. शाळेतल्या कवितेसारखं घोकत गेलो. दार त्यानेच उघडलं. दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता, केस विंचरलेले. मला बघून दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"एकतीस गाड्या आहेत," मी म्हणालो.

तेवढंच निघालं तोंडातून. माफी आली ओठांपर्यंत आणि परत खाली गेली. माणूस आयुष्यभर दुसऱ्याला ओरडायची सवय लावून घेतो, मग वेळेला जीभ वळत नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला, कुणाला तरी फोन करून आज येत नाही म्हणाला, आणि ऑइलचे डाग पडलेला जुना शर्ट घालून बाहेर आला. त्याने तो टाकून दिला नव्हता.

"पेन आहे का माझा?"

"तू ठेवलास तिथेच आहे."

फोन मी करायला बसलो. "एक छोटी तपासणी राहिलीय," असं मी पहिल्या गिऱ्हाइकाला गुळमुळीत सांगितलं, तर तो म्हणाला पुढच्या महिन्यात बघू. मेहुण्याने माझ्या हातातून फोन घेतला. "बोल्ट सैल राहिले असतील," तो म्हणाला. "गाडी हळू चालवत आत्ताच्या आत्ता आणा." पुढचे सगळे फोन त्यानेच केले. पलीकडून लोक काय बोलत असतील ते मला ऐकू येत नव्हतं. तो प्रत्येकाला "हो, चूक आमची," म्हणत होता. आमची म्हणत होता.

गुरुवार आणि शुक्रवार गाड्यांची रांग लागली. तो खाली, मी दिवा धरून बाजूला. थिनरमध्ये चिंधी बुडवून तो पिवळी रेघ पुसायचा, बोल्ट बघायचा, आवळायचा, कट्, आणि पांढरी रेघ ओढायचा. सैल निघाला की नुसतं "सैल" म्हणायचा. माझ्याकडे बघायचा नाही. दाजी म्हणायचा नाही. "दिवा इकडे," "तेरा नंबरचा पाना द्या," एवढंच. पहिल्या दोन दिवसांत सहा सैल निघाले. सहाव्यानंतर मी मोजणं सोडलं. माझ्या वाक्याला मी सारखी जागा शोधत होतो, पण तो सतत गाडीखाली, आणि गाडीखालच्या माणसाच्या पायांना माफी कशी मागणार?

एक गिऱ्हाईक, किराणा दुकानवाला, हसत म्हणाला, "काय मिस्त्री, म्हातारे झालात." मी नेहमी अशांना जागेवर उत्तर देतो. मी म्हणालो, "हो." तोच गडबडला आणि तुमचं वय ते काय असं काहीतरी म्हणत राहिला.

शनिवारी उरलेल्या गाड्या आल्या. शनिवारचं मला फारसं काही आठवत नाही. दमलो होतो. एक लाल गाडी सोडून सगळ्या झाल्या, एवढं नक्की, कारण वहीत तेवढीच एक ओळ फुली न मारलेली राहिली होती. जुळ्या मुलांचा बाप, शांत माणूस. त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचं काम मी दोन आठवड्यांपूर्वी केलं होतं. तो बायकोला आणायला तिच्या माहेरी गेला होता, डोंगरापलीकडे, आणि त्याचा फोन लागत नव्हता. गुरुवारपासून लागत नव्हता. घाटाचा उतार नऊ किलोमीटरचा आहे. मी जेवायला बसायचो आणि तो उतार डोळ्यांपुढे यायचा. दोन घासांवर उठायचो.  बायकोही जेवत नव्हती.

रविवारी सकाळी मेहुणा आला. "दाजी, काही खाल्लंत का?" त्याने विचारलं.

मला आश्चर्यच वाटलं. दोन दिवस तोंडातून शब्द नाही आणि आज एकदम दाजी. मी नाही म्हणालो. त्याने येताना चहा आणला होता, तो माझ्यासमोर ठेवला, आणि मी पीत असताना माझ्या शेजारी बसून राहिला. याला आज काय झालं, असं मी मनात म्हणालो. पण बरं वाटलं. आज बोलायचंच, असं ठरवलं.

साडेदहाला लाल गाडी आली. स्वतःहून आली. फोन पाण्यात पडला होता म्हणे.

"बरं झालं सुट्टीचे भेटलात," जुळ्यांचा बाप म्हणाला. "काल घाट उतरल्यापासून ब्रेक जरा खोल जातोय. दोनदा दाबावा लागतो."

मी आणि मेहुण्याने एकमेकांकडे बघितलं नाही. बाप उन्हात उभा राहून बायकोला घरी यायला उशीर होईल असं कळवायला आमच्याच फोनवरून बोलायला लागला. मागच्या सीटवर मुलांच्या दोन छोट्या खुर्च्या बांधलेल्या होत्या. एकीत एक लहानसा मोजा पडला होता.

मेहुण्याने पुढचं चाक काढलं. टायर आतल्या बाजूने ओला होता. ब्रेक ऑइल. ब्रेकला ऑइल पोचवणारी नळी जिथे बोल्टने बसवलेली असते तिथून ते पाझरत, ओघळत आलं होतं. बोल्टवर पिवळी रेघ, एकदम सरळ. तशी सरळ रेघ मारायला वर्षं लागतात. त्याने दोन बोटांनी बोल्ट फिरवला. मग बोटं तशीच ठेवून तो बसून राहिला. मीही दिवा धरून उभा राहिलो. आणखी एक घाट असता तर, हे दोघांनाही कळत होतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं.

"तू खोटा नव्हतास. मी होतो," मी म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. "चारचौघांत तुला चोर म्हणालो. तू माझ्या मागून गाड्या तपासत होतास आणि मी तुला चोर म्हणालो. मला माफ कर. आणि हा पेन घे, आता मी रेघ मारणार नाही." मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. दुसरा चाचपला. तोही रिकामा.

मेहुण्याने आपल्या शर्टाच्या खिशातून दोन पेन काढून मला दाखवले. एक पांढरा. एक पिवळा, त्याच्या टोपणावर माझ्या दातांचे व्रण.

"काल दिलात तुम्ही," तो म्हणाला.

"काल?"

"काल संध्याकाळी. शेवटची गाडी गेल्यावर. हेच सगळं म्हणालात, दाजी. याच शब्दांत. या स्टुलावर बसून."

मी स्टुलाकडे बघितलं. नेहमीचं स्टूल होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो की त्यावरून तरी काही आठवेल. मी त्यावर बसलेला, तो समोर, संध्याकाळचं ऊन शटरखालून आत आलेलं, असं चित्र मी तयारही केलं, पण ते आठवलेलं नव्हतं, बनवलेलं होतं. तेवढा फरक अजून कळतो मला.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

त्याने चिंधी थिनरमध्ये बुडवली, पिवळी रेघ पुसली. वॉशर बदलला. बोल्ट बसवला, पाना लावला, कट्. त्याचे डोळे भरले होते.

"सांग ना. काय म्हणालास?"

"बावीस वर्षांचं होतं मनात, दाजी," तो म्हणाला. "ते सगळं बोललो काल. एकदाच बोलता येतं तसं. परत नाही जमणार मला."

बाहेर जुळ्यांचा बाप फोनवर हसत होता. आयुष्यात मला जे एक उत्तर हवं होतं ते काल माझ्या समोर बसून कुणीतरी दिलं होतं, मी ऐकलंही होतं, आणि ते गळून गेलं. माफ केलं म्हणाला असेल, किंवा कधीच करणार नाही म्हणाला असेल. सकाळचा चहा त्याने दयेने आणला की मायेने, हेही मला आता कळणार नव्हतं.

"दिवा खाली गेला, दाजी," मेहुणा म्हणाला. "जरा वर धरा."

मी दिवा वर धरला. त्याने पांढरी रेघ ओढली.